नाकानं भाजणारी मावशी

“मावशी, अजून जरा खाली वाका ना. नाक अगदी झाकणाजवळ न्या. आणि डोळे मिटा, प्लीज.”

मोबाइल धरून उकिडव्या बसलेल्या बाईचं ऐकून शालन वाकली. बिडाच्या टोपाच्या झाकणावर निखाऱ्यांचा थर होता. त्याची धग गालांना लागली, कपाळावरचं कुंकू घामानं ओलं झालं. तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास आत ओढला आणि जाणकारासारखी मान डोलावली.

वास कसलाच आला नाही. पावाचा नाही, धुराचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही.

“वॉव! काय कळलं, मावशी?”

“अजून येळ हाय,” शालन म्हणाली.

हे उत्तर बिनधोक होतं. पाव लावून फार वेळ झालाच नव्हता, तेव्हा ते खरंही होतं. पण हेच उत्तर पुन्हा पुन्हा किती वेळा देता येईल, हे तिला कळत नव्हतं. बाई समाधानानं उठली आणि आपल्या सोसायटीच्या लोकांना व्हिडिओ दाखवायला तंबूंकडे गेली.

उरणच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी निकेशच्या घरची जागा होती. भातशेती सुटल्यावर त्यानं तिथं तंबू टाकले, तळ्याकाठी दिव्यांच्या माळा सोडल्या आणि थंडीच्या दिवसांत दर शनिवारी शहरातली माणसं मुक्कामाला यायला लागली. येणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या असत. एक पोपटी. म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं सगळं पाल्यासकट मडक्यात गच्च भरून, मडकं उपडं घालून, भोवती गवत पेटवून भाजतात ती. आणि दुसरा शालनमावशीचा गोड पाव. गूळ, दूध, वेलची, जायफळ आणि बेदाणे घालून फुगवलेलं पीठ बिडाच्या जाड टोपात ठेवायचं. खाली निखारे, झाकणावर निखारे. झाकण मध्येच उघडायची सोय नाही. उघडलं की राख आत पडते, वाफ जाते आणि पाव बसतो तो बसतोच. घड्याळ लावून भाजावं म्हटलं तर निखारे घड्याळाचं ऐकत नाहीत. लाकूड ओलं असलं तर मंद, वारा सुटला तर भडक. आत काय चाललंय ते बाहेरून नाकानंच ओळखायचं.

निकेशनं मागच्या वर्षी शालनचा असाच वाकलेला व्हिडिओ काढला आणि त्याखाली लिहिलं, ‘नाकानं भाजणारी मावशी’. तो व्हिडिओ इतका चालला की फाटकावरच्या फलकावर आता तिचा फोटो होता, डोळे मिटलेला. शालनला तो गेलेल्या माणसाच्या फोटोसारखा वाटायचा. नुसता हार तेवढा घालायचा बाकी होता.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिल्या आंघोळीला उटण्याला वासच नाही म्हणून तिनं कामोठ्यात घराजवळच्या दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावले. तो बिचारा पुडी नाकाशी धरून म्हणत राहिला, “अहो काकू, घमघमतंय की!” घरी येऊन तिनं हिंगाची डबी हुंगली. मग फिनेलची बाटली. मग न्हाणीघराची कडी लावून ती बराच वेळ बादलीवर बसून राहिली.

हौसेराव, तिचा नवरा, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहून म्हातारा झाला होता. त्याच्या शर्टाला कांद्याचा वास मारतो म्हणून ती जन्मभर कुरकुरत आली. तो निवृत्त झाला तरी वास काही गेला नव्हता. त्या दिवशी तिनं दोरीवरचा त्याचा शर्ट काढून तोंडावर दाबून धरला आणि तिला रडू फुटलं.

फक्त हौसेरावला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, “मग सोड की त्ये काम. कोन मागं लागलंय का?”

कोण मागं लागलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. कळंबोलीच्या एका बेकरीत शालनचं निम्मं आयुष्य भट्टीपुढे गेलं. बेकरी बंद पडली आणि घरी आली, तर घरातलं स्वयंपाकघर केव्हाच सुनेचं झालेलं. सून वाईट नव्हती. “आई, तुम्ही बसा हो,” असं प्रेमानं म्हणायची. पण दिवसभर बसा-बसा ऐकून माणूस मातीच्या गणपतीसारखं होऊन जातं. बेकरीत पाव न्यायला येणाऱ्या निकेशनं तिला इथं बोलावलं तेव्हा ती हातातलं निवडण टाकून निघाली होती. आठवड्यातून एक दिवस का होईना, कुणीतरी तिला विचारत होतं, “मावशी, झाला का?” तो एक प्रश्न तिला सोडायचा नव्हता.

म्हणून तिनं इथं कुणाला काही सांगितलं नाही. आणि दिवाळीपासून एकही पाव करपला नाही, त्याला कारण धोंडूबाई.

धोंडूबाई निकेशची आजी. ऐंशी ओलांडलेली, गुडघ्यांनी दगा दिलेली, पण जीभ आणि नाक दोन्ही शाबूत. पोपटीच्या जाळापाशी, शालनपासून दोन हातांवर, तिचा पाट असे. तोंडाचा पट्टा सतत चालू. कधी कोणाच्या लग्नात काय झालं ते, कधी खाडीत पूर्वी किती मासळी होती ते. भूक लागली की निखाऱ्यावर सुकट भाजायची. मागच्या थंडीत सुकटीचा वास सुटला की साताऱ्याकडची शालन नाकाला पदर लावून उलट्या बाजूला तोंड करायची आणि म्हातारी खिदळायची, “घाटावरची हाय गो ती! हिला नाय सोसायची!” आणि या सगळ्या बडबडीतच मध्ये एकदा म्हणायची, “गो शालन, जाला बग तुजा पाव. कार आता, नायतं जलंल.”

शालन मग वाकायची, श्वास ओढायची, मान डोलवायची आणि निखारे बाजूला सारायची. म्हातारीच्या बडबडीवर आपला पाव भाजतोय हे तिला कळत होतं. लाजही वाटत होती. पण चाललं होतं.

आज धोंडूबाई पाटावर बसली होती खरी, पण तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

तिनं अबोला धरला होता. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला लागतो. तो उग्र वासाचा, शेताच्या बांधावर उगवणारा. आजूबाजूचे बांध गेले, गोदामं आली, पाला मिळेना. निकेशनं गेल्या शनिवारी केळीची पानं घातली. पाव उतरल्यावर मडकं उघडलं, तेव्हा धोंडूबाई म्हणाली, “भांबुर्ड्याशिवाय कसली रं पोपटी? वास कुठं हाय तिला?” तेव्हा निकेश सहज बोलून गेला, “आजे, वास कोनाला कळतोय? लोकं फोटो बघतात.”

त्या दिवसापासून म्हातारी गप्प. निकेशशी तर नाहीच, पण त्याच्या कामावरच्या कुणाशीही नाही. आज पुन्हा केळीची पानं आलेली बघून तर तिनं ओठ असे मिटून घेतले होते की मध्ये दोराही जाऊ नये.

त्याच शनिवारी आणखीही एक गोष्ट घडली होती. स्वयंपाकाच्या शेडमध्ये गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. शालन तिथंच, शेगडीला पाठ करून, कांदा चिरत बसली होती. निकेश बाहेरून धावत आला, त्यानं सिलिंडर बंद केला, पंखा लावू नका म्हणून ओरडला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “मावशी, तुमी तर हितंच होता.”

“सर्दी झालीया,” ती म्हणाली होती.

आज आल्या आल्या त्यानं विचारलं, “सर्दी बरी झाली का, मावशी?”

“झाली की.”

“नक्की ना?”

“आरं झाली म्हनलं की!”

तेव्हापासून तो शेडमधून तिच्याकडे बघत होता. शालनला त्याचा राग येत नव्हता, कारण तो चुकीचा नव्हता. ज्या बाईला गॅस कळत नाही तिला आगीपाशी कोण ठेवेल? आपण मालक असतो तर आपणही ठेवली नसती, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही हा पाट, ही आग, हे दोन टोप सोडून जायची तिची तयारी नव्हती.

दोन टोप. एक तिच्या डाव्या हाताला, आधी लावलेला. दुसरा उजव्या हाताला, जरा मागून लावलेला. सोसायटीची माणसं जास्त होती म्हणून आज दोन.

सूर्य डोंगराआड गेला आणि खाडीकडून वारा सुटला. झाकणावरचे निखारे एकदम लाल झाले. वाऱ्यानं निखारे पेटले की पाव भरभर भाजतो. आता अंदाज चालणार नव्हता.

“आजी, वारं लई सुटलंय न्हाई का?” ती म्हणाली.

धोंडूबाईनं पोपटीच्या जाळात एक काटकी सरकवली.

“च्या आनू का तुमास्नी? आल्याचा?”

म्हातारीनं मान नाही अशी हलवली.

“सुकट भाजता का जरा? भूक लागली आसंल.”

यावर मात्र धोंडूबाईनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. घाटावरची शालन स्वतःहून सुकटीचं नाव काढते, याचं नवल तिच्या डोळ्यांत दिसलं. ओठ जरा हललेही. तेवढ्यात शेडमधून निकेश टोपांची सांडशी घेऊन आला, आणि ओठ पुन्हा मिटले.

“झाला का, मावशी? लोकं विचारतायत.”

“अजून येळ हाय.”

“मगाशी पण तेच बोल्लात.”

“मग? पाव मला इचारून भाजतोय का?”

निकेश हसला, पण गेला नाही. सांडशी हातात धरून तिथंच, धूर लागू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला, उभा राहिला. शालन वाकली. श्वास ओढला. आत थंड, कोरडं, रिकामं. तळहात झाकणाच्या वर धरून बघितला, नुसती धग. कान लावला तर वाऱ्याचा घूंघूं आवाज आणि वरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची घरघर. तिनं मनातल्या मनात कुलदैवताला हाक मारली. एवढ्या वेळेपुरता, बाबा. एवढ्या एका श्वासापुरता.

देवानंही अबोला धरला असावा.

काढावा का? कच्चा निघाला तर मधोमध पिठाचा गोळा. सोसायटीची माणसं सुरी घालणार आणि सुरीला चिकट पीठ लागून येणार. ठेवावा का? तिचे हात झाकण उचलायच्या आकड्याकडे जात आणि परत येत. इतक्या वर्षांत या हातांना कधी विचार करावा लागला नव्हता. नाक सांगायचं आणि हात करायचे. आता ते नाक नसलेले हात तिला दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

तिनं धोंडूबाईकडे बघितलं. डोळ्यांनी विचारलं. म्हातारीनं ते डोळे बघितले, मग निकेशकडे बघितलं, आणि मान पोपटीच्या जाळाकडे वळवली.

थोडं राहू दे, शालननं ठरवलं. कच्च्यापेक्षा खरपूस बरा.

मोबाइलवाली बाई तंबूंकडून येत होती. येता येता ती मध्येच थांबली. तिनं नाक मुरडलं.

“काहीतरी करपतंय का हो?”

शालननं आकडा उचलला, डाव्या टोपाचं झाकण एका झटक्यात वर केलं. राख पडायची ती पडली. आतून धूर वर आला, दाट आणि काळपट. तो तिच्या डोळ्यांत गेला, घशात गेला, ती खोकली. धुरात तोंड घालूनही तिला काही कळलं नाही. डोळ्यांना दिसलं म्हणून कळलं. पावाच्या कडा कोळशासारख्या झाल्या होत्या आणि वरचे बेदाणे काळे मणी होऊन बसले होते.

सोसायटीची माणसं एकेक करून जवळ आली आणि टोपाभोवती उभी राहिली. गाणी लावलेला स्पीकर कुणीतरी बंद केला.

“मावशी,” निकेश हळू आवाजात म्हणाला, “तुमी तर हितंच होता.”

तेच शब्द. गेल्या शनिवारी त्यांत प्रश्न होता, आज उत्तर होतं. शालनला वाटलं, उठावं, पदर झटकावा आणि रस्त्याला लागावं. कामोठ्याची बस मिळेल. सून म्हणेल, “आई, तुम्ही बसा हो.” आणि मग बसायचं. मरेपर्यंत बसायचं.

पण उजव्या हाताचा टोप अजून निखाऱ्यांत होता.

त्यातलं पीठ तिनंच मळलं होतं. दुपारभर ओल्या फडक्याखाली जपलं होतं. तेही आता जळणार होतं, कदाचित जळतही असेल, आणि तिला कळत नव्हतं. अब्रू गेलीच होती. निदान हा पाव तरी जाऊ नये, एवढाच विचार तिच्या मनात आला. ती धोंडूबाईकडे वळली.

“आजी, मला वास येत न्हाई,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “दिवाळीपासनं येत न्हाई. कशाचाच न्हाई. ह्यो एक राहिलाय. झाला का, एवढं सांगा.”

मोबाइलवाल्या बाईनं हातातला मोबाइल खाली घेतला. निकेशच्या हातातली सांडशी तशीच राहिली. सगळे जण म्हातारीकडे बघायला लागले.

धोंडूबाईनं शालनकडे बघितलं. करपलेल्या टोपाकडे बघितलं. मग पाटावरून दोन्ही हात टेकून ती उठली. गुडघे कुरकुरले, निकेश आधार द्यायला पुढे झाला, तर तिनं त्याचा हात झिडकारला. ती काठी टेकत आली आणि उजव्या टोपापाशी वाकली. तिनं डोळे वगैरे मिटले नाहीत. एकदाच नाक फुरफुरवलं.

“थांब,” ती म्हणाली.

आठवड्यातला तिचा तो पहिला शब्द होता.

शालननं आकडा हातात घेतला आणि थांबली. सगळेच थांबले. वाऱ्यानं निखारे पुन्हा फुलले. करपलेल्या टोपातून अजून धुराची रेघ वर जात होती.

“आजी, वारं—”

“थांब बोलले ना. दुदाचाच येतंय अजून.”

कुणीतरी खाकरलं तर बाकीच्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. शालनचे डोळे म्हातारीच्या नाकावर खिळले होते. त्या सुरकुतलेल्या, नथीच्या जुन्या भोकाच्या नाकाकडे तिनं एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं.

“आता वेलची आली,” धोंडूबाई पुटपुटली. “गुल येल मागनं.”

निकेश पुढे सरकला. “आजे, काढूया का? रिस्क नको—”

“तू गप र्‍हा!”

तो मागे सरला.

“आला,” धोंडूबाई एकदम म्हणाली. “गुल आला. कार गो, कार!”

शालनचे हात विजेसारखे चालले. वरचे निखारे तिनं एका फटक्यात उतरवले, आकडा अडकवून झाकण तिरकं उचललं, राखेचा कणही आत पडू दिला नाही. आता हात पुन्हा तिचेच होते. आत पाव फुगून टोपाच्या कडेला आला होता, तांबूस, मधोमध एक बारीक चीर पडलेला. लोकांच्या तोंडून नकळत ‘आहा’ निघालं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून दोघातिघांनी अर्धवट वाजवल्या.

शालन खाली बसली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं.

पाव कापला गेला, कागदी ताटल्यांत वाटला गेला. माणसं जास्त, पाव एक. वाट्याला लहान तुकडे आले, पण कुणी तक्रार केली नाही. मोबाइलवाली बाई शालनपाशी येऊन घुटमळली. “मावशी, तो मगाचा व्हिडिओ… मी डिलीट करते हं,” ती म्हणाली. शालननं नुसती मान हलवली. बाईनं स्वतःच्या ताटलीतला तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. शालननं तो खाल्ला. गरम होता, गोड होता. बस, गरम आणि गोड.

लोक पांगल्यावर निकेश येऊन उकिडवा बसला.

“मावशी, गॅसपाशी तुमाला नाय ठेवू शकत मी. उद्या काय झालं तर?”

“खरं हाय तुझं.”

“आनि हे पन… मला आधी सांगायचं ना. मी काय वाघ हाय का?”

आधी सांगितलं असतं तर त्यानं मायेनंच, पण घरी पाठवलं असतं. सुनेसारखंच.

“मी काय बोलतो,” निकेश म्हणाला, “थोडे दिवस तुमी घरीच—”

“ती हितंच बसल,” पाटावरून धोंडूबाई म्हणाली.

“आजे, पन—”

“गॅस तुजा तू बग. पाव तिचा हाय. मी हुंगीन, ती करंल. मी हाय तवर करंल.”

निकेशनं म्हातारीकडे बघितलं. आठवड्यानंतर ती त्याच्याशी बोलत होती, त्याचा त्याला आनंद झालेला दिसला. पण त्याच्या तोंडून पुढचा प्रश्न निघून गेलाच. “आनि मग?”

धोंडूबाई काठीनं निखारे गोळा करायला लागली. निकेश उठला. जाता जाता म्हणाला, “भांबुर्डा पनवेलच्या पलीकडं मिळतो बोलतात. बघतो मी.” आणि शेडकडे गेला.

दोघी उरल्या. शालननं करपलेला टोप पुढ्यात ओढला, सुरीनं पावाचा कोळसा खरवडून काढला आणि नारळाच्या शेंडीवर राख घेऊन घासायला बसली.

“तुमास्नी म्हायीत व्हतं,” ती खाली बघतच म्हणाली.

“दिवालीपासून.”

“कसं काय?”

“मी सुकट भाजली,” धोंडूबाई म्हणाली, “तू पदर नाय लावलास नाकाला. बसलीस आपली माज्याकरं बगून हसत.”

शालनचा हात थांबला. सोंग करायचं म्हणून दर शनिवारी वाकून वाकून श्वास घेतले, माना डोलावल्या, आणि पदर लावायचा मात्र तिला एकदाही सुचलं नव्हतं.

“मग आज का न्हाई बोललासा?” तिनं विचारलं. विचारताना आवाज फाटला, कारण आता तिला राग आला होता. “म्या बघत व्हते तुमच्याकडं. तुमी बघितलं आन् त्वांड फिरवलं.”

धोंडूबाई काठीनं राखेत रेघा ओढत राहिली.

“त्याचा पाव जलतंय तं जलू दे, बोलले,” ती शेवटी म्हणाली. “वास कोनाला कलतंय बोलला ना तो? कलू दे त्याला. तुजा जलतंय, ह्या नाय आला गो ध्यानान.”

शालनचा राग जसा आला तसा ओसरला.

ती पुन्हा टोप घासायला लागली. बीड एकदा करपलं की वास धरून ठेवतं, आणि पुढच्या पावाला तो लागतो, हे तिला बेकरीपासून ठाऊक होतं. तिनं राख बदलली, तळ घासला, कडा घासल्या, पाण्यानं धुतला. मग ओला टोप दोन्ही हातांनी उचलून तिनं धोंडूबाईच्या नाकासमोर धरला.

धोंडूबाईनं वास घेतला आणि मान नाही अशी हलवली.

शालननं टोप खाली ठेवला, मूठभर राख घेतली आणि परत घासायला सुरुवात केली.